बर्फातला खल आणि इन्सुलिनची कुपी

१४ नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे बालदिन. त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही पाळला जातो. ही तारीख निवडण्याचे कारण फ्रेडरिक ग्रँट बँटिंग. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, अ‍ॅलिस्टन या गावाजवळच्या शेतावर १८९१ साली याच दिवशी त्याचा जन्म झाला. इन्सुलिनचा शोध लावणारा म्हणून त्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. पण स्वादुपिंडात मधुमेहाला आवर घालणारे काहीतरी आहे, हे त्याच्या आधी तीस वर्षे ठाऊक होते. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या जर्मनीतल्या दोन संशोधकांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला, तेव्हाच ते कळले. त्यानंतर अनेकांनी तो पदार्थ बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. काहींच्या हाती तो लागलाही, पण टिकला नाही. कुणाच्या अर्कात दम नव्हता, तर कुणाच्या अर्काने रुग्णाला ताप भरला. प्रश्न खरे तर एक नाजूक पदार्थ ग्रंथीतून काढून रुग्णाच्या शरीरात जाईपर्यंत शाबूत ठेवण्याचा होता. बँटिंगच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची दोन वर्षे यातच गेली.

पाच भावंडांत तो धाकटा. शाळेत फार चमकला नाही. टोरांटोला कॉलेजात गेला तो कला शाखेत, आणि पहिल्याच वर्षी नापास झाला. मग १९१२ साली वैद्यकाकडे वळला. पहिले महायुद्ध सुरू झाल्याने त्याच्या वर्गाचा अभ्यासक्रम घाईने उरकण्यात आला. १९१६च्या डिसेंबरात पदवी हातात पडली आणि तो लगेच सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाला. १९१८च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या हातात घुसला. तशाही अवस्थेत तो इतर जखमींवर उपचार करत राहिला. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

युद्धानंतर टोरांटोच्या बालरुग्णालयात शस्त्रक्रियेचे शिक्षण झाले, पण कायमची जागा मिळाली नाही. म्हणून १९२०च्या जुलैत त्याने ऑन्टॅरिओतल्याच लंडन नावाच्या शहरात दवाखाना थाटला. पहिल्या महिन्याची कमाई होती चार डॉलर. खर्च भागवायला जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकवू लागला. ३० ऑक्टोबरच्या रात्री साखरेच्या चयापचयावरच्या व्याख्यानाची तयारी झाल्यावर झोपण्यापूर्वी त्याने शस्त्रक्रियेच्या मासिकातला मोझेस बॅरन यांचा एक लेख वाचला. स्वादुपिंडाच्या नलिकेत खडा अडकला, तर पाचक रस बनवणाऱ्या पेशी वाळून जातात, मात्र लँगरहान्सच्या बेटांच्या पेशी तशाच राहतात, असा तो मुद्दा होता. पहाटे दोनच्या सुमारास उठून बँटिंगने आपल्या वहीत चार ओळी खरडल्या. कुत्र्याची नलिका बांधायची, पाचक पेशी मरू द्यायच्या आणि उरलेल्या बेटांतून तो पदार्थ काढायचा.

ही कल्पना त्याला का सुचली, हे समजून घ्यायला स्वादुपिंडाची रचना पाहावी लागते. या एकाच ग्रंथीत दोन कारखाने आहेत. एक प्रथिने पचवणारी विकरे बनवतो आणि ती नलिकेतून आतड्यात सोडतो. दुसरा, म्हणजे बेटांचा, इन्सुलिन बनवून थेट रक्तात सोडतो. इन्सुलिन हे पेप्टाइड आहे. अमिनो आम्ले मण्यांसारखी ओवून झालेल्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. साखळी खूप लांब झाली की तिला प्रथिन म्हणायचे. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी आहेत, २१ आणि ३० अशा दोन साखळ्यांत ओवलेले आणि गंधकाच्या दुव्यांनी जोडलेले. हे तपशील फ्रेडरिक सँगरने १९५०च्या दशकात उलगडले, बँटिंगला ते ठाऊक नव्हते. त्याला एवढेच वाटत होते की, ग्रंथी कुटली की शेजारच्या कारखान्यातली विकरे या पदार्थाला खाऊन टाकत असावीत. इन्सुलिनची गोळी गिळून चालत नाही, त्यामागेही हेच आहे. पोट आणि आतडे तिला डाळीतल्या प्रथिनासारखेच पचवून टाकतात.

नोव्हेंबरात तो टोरांटो विद्यापीठात जे. जे. आर. मॅक्लिओड यांना भेटला. मॅक्लिओड हे कर्बोदकांच्या चयापचयातले मोठे नाव. समोरच्या तरुण शल्यचिकित्सकाला विषयाची फारशी माहिती नाही हे त्यांना लगेच कळले. तरीही त्यांनी खोली, काही कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी दिला. दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोण, हे नाणे उडवून ठरले, अशी कथा सांगतात. १७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. जूनमध्ये मॅक्लिओड स्कॉटलंडला निघून गेले.

तो उन्हाळा कडक होता. बरेच कुत्रे दगावले. काहींच्या नलिकेवरचे दोरे सुटले आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ३० जुलैला पहिल्यांदा अर्क टोचला गेला. त्याची कृती बारकाईने पाहण्यासारखी आहे. वाळलेले स्वादुपिंड झटपट काढायचे. आधीच गार करून ठेवलेल्या खलात, गार क्षारद्रावणात त्याचे काप टाकायचे. खल गोठणमिश्रणात ठेवून आतला ऐवज अर्धवट गोठू द्यायचा आणि मग कुटायचा. कागदातून गाळायचे आणि टोचण्याआधीच काय ते शरीराच्या तापमानाला आणायचे. ४१० क्रमांकाच्या कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरात दोनशेवरून एकशेवीसच्या आसपास आली. कुत्रा वाचला नाही, पण दिशा मिळाली.

पुढच्या काही महिन्यांत त्या दोघांनी जे तपासले, त्यातला मोठा भाग हा पदार्थ कशाने बिघडतो आणि कशाने टिकतो याबद्दलचा आहे. १९२२च्या फेब्रुवारीत छापलेल्या त्यांच्या पहिल्या निबंधात हे निष्कर्ष आहेत. स्वादुरसाबरोबर ठेवला की अर्क निकामी होतो. उकळला की निकामी होतो. गुदद्वारातून दिला तर उपयोग होत नाही. सौम्य आम्लात काढला तरी चालतो. क्षारद्रावणात काढून थंड जागी ठेवला, तर किमान सात दिवस त्याची ताकद टिकते. इन्सुलिन कसे साठवावे याची ही पहिली छापील नोंद म्हणता येईल, आणि ती शोधाच्या पहिल्याच निबंधात आहे.

नलिका बांधून सात-दहा आठवडे थांबायचे, हा मार्ग रुग्णांसाठी कामाचा नव्हता. इथे बँटिंगचे शेतावरचे बालपण उपयोगी पडले. वजन वाढावे म्हणून कत्तलीआधी गाई गाभण करतात, हे त्याला ठाऊक होते. पोटातल्या कोवळ्या वासराच्या स्वादुपिंडात बेटे असतात, पण पाचक रस अजून तयार झालेला नसतो. नोव्हेंबरात तो आणि बेस्ट कत्तलखान्यात जाऊन अशी स्वादुपिंडे घेऊन आले. डिसेंबरात त्यांनी पाण्याऐवजी अल्कोहोल वापरले. अल्कोहोलमध्ये पाचक विकरांचे काम थांबते, आणि ते पाण्यापेक्षा कमी उष्णतेवर उडून जाते, त्यामुळे अर्क आटवताना तापवावा लागत नाही. मग लक्षात आले की अल्कोहोल असेल तर साध्या, मोठ्या बैलाचे स्वादुपिंडही चालते.

म्हणजे ज्या कल्पनेसाठी तो रात्री उठला, त्या नलिका बांधण्याची गरजच उरली नाही. १९२२ संपण्याआधीच इंग्लंडमधून टीका आली की, ताज्या ग्रंथीतली प्रथिने पचवणारी विकरे मुळात सुप्त असतात, आतड्यात गेल्यावरच जागी होतात. टीका बरोबर होती. बँटिंगची मूळ कल्पना अर्धीच खरी होती. पण त्या अर्ध्या कल्पनेने त्याला एक सवय लावली. हा पदार्थ आपल्या हातून नष्ट होणार आहे असे धरूनच प्रत्येक पायरी आखायची, ही ती सवय. आधीच्या अनेकांना ती नव्हती.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्टचा अर्क टोचला. उपासमारीच्या आहारावर तो कसाबसा तग धरून होता, वजन तीस किलोच्या आत. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झाले. अर्क अशुद्ध होता. डिसेंबरात गटात आलेला जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप याने अल्कोहोलचे प्रमाण पायरीपायरीने वाढवत नेले. एका टप्प्यावर नको असलेली प्रथिने खाली बसतात आणि नव्वद टक्क्यांच्या पुढे खुद्द इन्सुलिनचा साका बसतो, हे त्याने हेरले. २३ जानेवारीला त्याचा अर्क दिला आणि मुलाची रक्तशर्करा एका दिवसात ५२० वरून १२० वर आली. पुढे थॉम्पसन २६ वर्षांचा होईपर्यंत जगला.

यशाच्या त्याच दिवसांत बँटिंग आतून खचत होता. आपले काम मॅक्लिओड आणि कॉलिप हिरावून घेत आहेत असे त्याला वाटू लागले. कॉलिपशी त्याची मारामारी झाल्याचे सहकाऱ्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. रात्री झोप यावी म्हणून प्रयोगशाळेतले शुद्ध अल्कोहोल आपण चोरून पीत होतो, असे त्याने स्वतःच नंतर नमूद केले. त्या काळी ऑन्टॅरिओत दारूबंदी होती.

आणि मग इन्सुलिन बनायचे थांबले. छोट्या भांड्यात जमलेली कृती मोठ्या भांड्यात जमेना. निर्वात करण्याची यंत्रणा नीट चालेना, द्रावण आटताना किती तापते यावर ताबा राहीना. कॉलिपलाही आपलीच कृती पुन्हा जमेना. कॅनडा आणि अमेरिकेतून रुग्णांची पत्रे येत होती, आणि द्यायला औषध नव्हते. त्या वसंतात काही रुग्ण वाट पाहत मेले. मे महिन्यात वाट सापडली. अर्क उथळ ताटांत पसरून त्यावरून कोमट हवेचा झोत सोडायचा, म्हणजे फारसे न तापवता तो आटतो. इतक्या साध्या गोष्टीवर सारे अडले होते.

मोठ्या प्रमाणावर उत्पादनासाठी विद्यापीठाने अमेरिकेतील एली लिली कंपनीशी करार केला. तिथे वेगळीच तक्रार उभी राहिली. कुप्या ठेवून दिल्या की त्यांची ताकद घटायची. जॉर्ज वॉल्डन या रसायनशास्त्रज्ञाने पाहिले की तळाशी बारीक साका बसतो आणि हरवलेली ताकद त्या साक्यातच असते. द्रावणाची आम्लता एका ठराविक पातळीवर आली की इन्सुलिन विरघळलेले राहत नाही. म्हणजे ते बिघडले नव्हते, खाली बसले होते. मग त्याने मुद्दाम ती आम्लता आणून इन्सुलिन खाली बसवायला आणि वेगळे करायला सुरुवात केली. साठवणुकीतल्या दोषातूनच शुद्धीकरणाची पद्धत मिळाली, आणि १९२२च्या अखेरीपासून कुपीतल्या औषधाचा भरवसा वाटू लागला.

तोपर्यंत प्रत्येक खेपेची ताकद वेगळी असे. सशाची साखर किती उतरते त्यावरून मोजमाप चाले. दुबळ्या खेपेला रुग्णाचा डोस वाढवायचा, आणि पुढची खेप कडक आली की त्याच डोसाने तो घाम फुटून, थरथरत बेशुद्ध व्हायचा. ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. आजही रुग्ण सांगतो, डोस वाढवला तरी साखर तीनशेच्या खाली येत नाही. चौकशी केली की कळते, कुपी स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फडताळात, नाहीतर रिक्षाच्या डिकीत असते. डॉक्टरांनी डोस वाढवलेला असतो. मग नवी, व्यवस्थित कुपी उघडली जाते आणि वाढवलेला डोस पूर्ण ताकदीने लागू पडतो. मध्यरात्री साखर चाळीसवर. साखर अकारण चढू लागली, तर डोस बदलण्याआधी कुपी बदलून पाहावी आणि बदललेल्या दिवसापासून तपासण्या वाढवाव्यात.

न उघडलेली कुपी किंवा पेन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे. वापरात असलेले २५ ते ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस कंपनीच्या पत्रकात असतात आणि ते प्रत्येक प्रकाराचे वेगळे आहेत, म्हणून उघडल्याची तारीख पेनने कुपीवर लिहून ठेवावी. बँटिंग ग्रंथी अर्धवट गोठवत होता हे वाचून कुणी कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. त्याला विकरांचे काम थांबवायचे होते आणि अर्क लगेच वापरायचा होता. कुपी गोठली की पाण्याचे स्फटिक होतात, इन्सुलिनचे रेणू उरलेल्या जागेत दाटीवाटीने एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर सुटे होत नाहीत. दिसायला ती कधीकधी पूर्वीसारखीच दिसते. ती टाकूनच द्यावी. उष्णतेने आणि जोरात हलवण्यानेही असेच धागे आणि गुठळ्या बनतात. म्हणूनच दुधाळ इन्सुलिनची कुपी तळहातांमध्ये हळुवार फिरवायची असते, सरबतासारखी घुसळायची नसते. स्वच्छ दिसायला हवे ते इन्सुलिन गढूळ झाले किंवा कडेला पांढरे कण चिकटले, तर वापरू नये. हल्ली वजन आणि मधुमेहासाठी आठवड्याला एकदा घेण्याची जी पेने आली आहेत, तीही पेप्टाइडच आहेत. ती घरी येईपर्यंत दुकानात कशी ठेवली होती, हे विचारायला संकोच करू नये.

चंद्रपूरला पारा ४५च्या वर जातो आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या खोपीत फ्रिज नसतो. अशा ठिकाणी दोन मडकी एकात एक ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरायची आणि इन्सुलिन पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून आत ठेवायचे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत याचा चांगला उपयोग होतो. कोकणात दमट हवेमुळे पाणी उडत नाही, तिथे कमी. उत्तर केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतले तापमान नोंदवून जिनिव्हाच्या संशोधकांनी २५ ते ३७ अंशांमधल्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे ठेवून पाहिले, तेव्हा त्याची ताकद टिकून राहिली. म्हणजे फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नाकारण्याचे कारण नाही. उन्हात उभ्या गाडीत मात्र पारा ३७वर थांबत नसतो.

बँटिंगकडे १९२२च्या ऑगस्टात एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी आली. वय १५ला काही दिवस कमी, वजन सुमारे २० किलो. त्या शरद ऋतूत ती जेवू लागली, चालू लागली. पुढच्या वर्षी जानेवारीत अमेरिकेचे पेटंट मिळाले आणि बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी ते विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. डॉक्टरने औषधाच्या पेटंटवर नाव घालणे बँटिंगला आधी पसंतच नव्हते. ऑक्टोबरात नोबेल जाहीर झाले, त्याच्या आणि मॅक्लिओड यांच्या नावे. वय ३१. बेस्टला डावलले म्हणून तो संतापला, पुरस्कार नाकारायला निघाला, आणि अखेर आपल्या वाट्याची अर्धी रक्कम त्याने बेस्टला दिली. मॅक्लिओडनी आपली अर्धी कॉलिपला दिली. मॅक्लिओडवरचा त्याचा राग मात्र शेवटपर्यंत गेला नाही, आणि त्यात तो न्याय्य नव्हता.

पुढचे संशोधन त्या तोडीचे झाले नाही. कर्करोगावर त्याने वर्षे घालवली, हाती फार लागले नाही. पहिले लग्न मोडले. तो चित्रे काढायला निघून जाई, ए. वाय. जॅक्सन या नामवंत चित्रकारासोबत १९२७ साली आर्क्टिकपर्यंत जाऊन आला. १९३४ साली सर झाला. दुसरे महायुद्ध सुरू होताच त्याने स्वतःला लष्करी वैद्यकात झोकून दिले. मस्टर्ड वायूचा परिणाम पाहायला त्याने तो स्वतःच्याच पायावर लावून घेतला. वैमानिकांना वेगाने वळताना भोवळ येऊ नये म्हणून विल्बर फ्रँक्स यांनी केलेल्या पोशाखाला त्याचा पाठिंबा होता.

२० फेब्रुवारी १९४१च्या रात्री तो हडसन बॉम्बर विमानातून न्यूफाउंडलंडहून इंग्लंडला निघाला. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनात बिघाड झाला आणि विमान मस्ग्रेव्ह हार्बरजवळ बर्फाळ जंगलात कोसळले. दोघे जागीच गेले, वैमानिक जोसेफ मॅकी वाचला. बँटिंग दुसऱ्या दिवशी जखमांनी मरण पावला. वय ४९. त्या वेळी एलिझाबेथ ह्यूज ३३ वर्षांची होती. तिने पुढे आणखी ४० वर्षे, १९८१ साली मरेपर्यंत, इन्सुलिन टोचून घेतले.